कारण गटाराचं, फोटो गणवेशातला

नवी मुंबई महापालिकेची १५ जानेवारी २०२६ ची निवडणूक तोंडावर आली होती. नेरूळमधल्या एका सोसायटीच्या फाटकाशेजारी बॅनर लागला. डावीकडे हात जोडलेला उमेदवार. उजवीकडे पूर्ण गणवेशातले, छातीवर पदकं लावलेले कर्नल. मागं तिरंगा आणि खाली ओळ: ‘ज्यांनी सीमा राखली, त्यांचा विश्वास आमच्यावर’. कर्नल त्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांना वीसेक वर्षं झाली. बॅनरवर ‘निवृत्त’ असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आधीच सांगून टाकतो. या प्रकरणातले कर्नल, सुभेदार, उमेदवार आणि त्यांचे संवाद मी अभ्यासासाठी रचले आहेत. कायदा, तारखा आणि नाव घेऊन दिलेले दाखले मात्र सार्वजनिक नोंदीतले आहेत. अमेरिकेतल्या चार तारे लावणाऱ्या जनरलपासून सुरुवात करण्यापेक्षा नेरूळच्या फाटकापासून केलेली बरी, कारण निवृत्त लष्करी अधिकारी एखाद्या उमेदवाराच्या पाठीशी का उभा राहतो, हा प्रश्न इथं जवळून बघता येतो. जनरलच्या मनात शिरता येत नाही. शेजारच्या कर्नलच्या घरी निदान चहाला जाता येतं.

काय घडलं

या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात घोटाभर पाणी साचतं. बाहेरचं पावसाळी गटार गाळानं भरलेलं. कर्नलनी विभाग कार्यालयाला पत्रं लिहिली; तारीख, विषय, संदर्भ क्रमांक, सगळं पलटणीच्या शिस्तीत. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. महापालिकेची मुदत २०२० मध्येच संपलेली, तेव्हापासून प्रशासक. नगरसेवक नाही म्हटल्यावर तक्रार न्यायची कुणाकडं, हा नवी मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला पडलेला प्रश्न होता. अशात एका सकाळी माजी नगरसेवक स्वतः आला, चपला घालूनच पाण्यात उभा राहिला, कुणाला तरी फोन लावला, आणि दुपारपर्यंत सक्शनची गाडी दारात. त्या वर्षी पुन्हा पाणी साचलं नाही.

डिसेंबरात तोच माजी नगरसेवक उमेदवार म्हणून घरी आला. सोबत वडील होते. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून निवृत्त झालेले. कर्नलही त्याच रेजिमेंटचे. म्हातारबाबांनी दारातच टाचा जुळवल्या. मला वाटतं, निम्मं काम तिथंच झालं. मग उमेदवार म्हणाला, “साहेब, फार काही नको. दोन शब्द बोला.”

कर्नल बोलले. अंगात घरचा राखाडी स्वेटर, मागं गॅलरीतली तुळस. “आमच्या इथलं गटाराचं काम यांनी केलं. बोलावलं की येतात. मी यांना मत देणार आहे.” चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात सीमा नव्हती, शत्रू नव्हता, देशही नव्हता. निघताना उमेदवाराच्या सोशल मीडियावाल्या मुलानं भिंतीवरच्या चौकटीतल्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला. “आठवण म्हणून, सर,” म्हणाला. बॅनरवर आला तो हाच फोटो.

परिसरातल्या माजी सैनिकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात एरवी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये कोणतं औषध संपलंय, कॅन्टीनमध्ये काय आलंय आणि ‘शुभ सकाळ’ एवढंच असतं. बॅनरचा फोटो पडला आणि ग्रुप पेटला. कर्नलच्या पुतण्याची सिक्युरिटी एजन्सी आहे, त्याला महापालिकेचं कंत्राट हवंय, असं एकानं लिहिलं. माजी सैनिकांना मालमत्ता करात सवलत आहेच, आता अजून काय हवंय, असं दुसऱ्यानं. तिसऱ्याला कर्नल पुढच्या वेळी स्वतः उभे राहणार याची खात्रीच होती. साताऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदारांनी एवढंच लिहिलं: “सर, बॅनर पाहिला. मत तुमचं आहे. वर्दी आपल्या सगळ्यांची आहे.”

दुसऱ्या दिवशी सुभेदार घरी गेले.

“सुभेदारसाहेब, मी खोटं काय बोललो ते सांगा.”

“व्हिडिओत काहीच खोटं नाही, सर. पण व्हिडिओ बघतंय कोण? स्टेशनला जाणारा माणूस बॅनर बघतो.”

“फोटो मी दिलेला नाही.”

“मग काढायला सांगा.”

कर्नल गप्प. बाईंनी चहा आणला, बिस्किटं आणली. मग कर्नल म्हणाले, “इतक्या वर्षांत माझ्याकडं कुणी काही मागायला आलं नव्हतं.”

कायद्याच्या नजरेनं

इथं फार वेळ घालवायची गरज नाही. सेवेत असलेल्या सैनिकाला राजकारण बंद आहे. राज्यघटनेचं कलम ३३ संसदेला सैन्यदलांतल्या लोकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार देतं आणि लष्करी नियम, १९५४ मधला विसावा नियम राजकीय कामाला मनाई करतो. निवृत्त झाल्यावर ही बंधनं सुटतात. तो मत मागू शकतो, देऊ शकतो, पक्षात जाऊ शकतो, निवडणूक लढवू शकतो. निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी कंपनीत नोकरी धरायची तर अधिकाऱ्याला सरकारची परवानगी लागते. प्रचाराच्या व्यासपीठावर चढायला मात्र एक दिवसही थांबावं लागत नाही. मला हे उलटं वाटतं, पण आहे ते असं आहे.

हुद्दा लावण्याबाबत लष्कराचा शिरस्ता आहे: हुद्दा, नाव आणि शेवटी ‘निवृत्त’. निवृत्त होतो तो माणूस, हुद्दा नव्हे, असा त्यामागचा विचार. म्हणजे आमचे कर्नल ‘कर्नल’ लावायला मोकळे आहेत, ‘निवृत्त’ गाळायला नाहीत.

फोटोचं काय? भारताच्या निवडणूक आयोगानं २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये पक्षांना सांगितलं होतं की संरक्षण दलांतल्या लोकांची छायाचित्रं प्रचारात वापरू नका. २०१९ ची आठवण ताजी आहे. बालाकोटनंतर विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचे फोटो राजकीय फलकांवर झळकले होते. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि आमचे कर्नल सेवेत नाहीत, त्यामुळं ते पत्र नेरूळच्या फाटकाला जसंच्या तसं चिकटवता येणार नाही. त्यामागचं कारण मात्र इथंही तेवढंच लागू पडतं. गणवेशातला फोटो बघणाऱ्याला माणूस दिसत नाही, सैन्य दिसतं.

हेतूचा शोध

ग्रुपमधले सगळे एकाच दिशेनं शोधत होते: कर्नलना यातून काय मिळणार? आपल्याकडं हेतू म्हटला की आपण खिशाकडं बघतो. पुतण्याची एजन्सी खरी होती, पण तिचं सगळं काम खासगी गोदामांचं, महापालिकेशी संबंध नाही. तिकिटाची चर्चा हवेतली. उरलं गटार. ते कारण खरं होतं, चांगलंही होतं. स्थानिक निवडणुकीत याहून सरळ कारण कोणतं असणार?

आणि गटाराच्या खाली आणखी एक होतं, ते चहाच्या वेळी बाहेर आलं. सैन्यात अधिकाऱ्याला रोज कुणीतरी विचारतं. सुट्टी मंजूर करा, निर्णय द्या, सही करा, पुढं काय करायचं सांगा. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी हे सगळं थांबतं. नेरूळमध्ये त्यांना कोण ओळखतं? वॉचमन ‘काका’ म्हणतो. अशा माणसाच्या दारात कुणीतरी टाचा जुळवून उभं राहतं आणि म्हणतं, साहेब, दोन शब्द. पैशाच्या मोहाला नकार द्यायची सवय या लोकांना असते. आपली गरज आहे असं कुणी म्हटलं तर नकार कसा द्यायचा, हे त्यांना कुठल्याच अकादमीत शिकवलेलं नसतं.

पाठिंबा देणाऱ्याचा हेतू असा थरांचा असतो आणि बहुतेक वेळा त्याला स्वतःलाही तो नीट माहीत नसतो. मागणाऱ्याचा हेतू तुलनेनं उघडा असतो, म्हणून शोध तिथून सुरू करावा. उमेदवार कुठं कमकुवत आहे ते बघा, आणि पाठिंब्यानं नेमकं तेच झाकलं जातंय का ते बघा. आमचा उमेदवार पक्ष बदलत आलेला. नवी मुंबईत यात नवल नाही, पण ‘आज इथं, उद्या तिथं’ ही कुजबुज त्याच्यामागं होतीच. शिवाय २०१५ मध्ये एक प्रभाग, एक नगरसेवक असं होतं. या वेळी बहुसदस्यीय प्रभाग. म्हणजे ज्यांच्या गटाराला त्यानं कधी हात लावलेला नाही, अशा अनेक सोसायट्यांतही त्याला मतं मागायची होती. तिथल्या लोकांना गटाराची गोष्ट सांगून उपयोग नव्हता. त्यांना दाखवायला निष्ठेचं, स्थिरतेचं काहीतरी हवं होतं, आणि त्यासाठी गणवेशासारखं दुसरं काही नाही.

ही कसोटी मोठ्या प्रकरणांनाही लावून बघावी. अमेरिकेत १९९२ मध्ये निवृत्त ॲडमिरल विल्यम क्रो यांनी अध्यक्षपदाचे उमेदवार बिल क्लिंटन यांना पाठिंबा दिला. क्रो हे १९८५ ते १९८९ या काळात तिथल्या संयुक्त सेनाप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष होते, म्हणजे गणवेशातलं सर्वोच्च पद. क्लिंटन कुठं अडचणीत होते? व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सक्तीची सैन्यभरती टाळल्याच्या आरोपावर. त्या आरोपावर ॲडमिरलइतकं चांगलं झाकण कुठलं? पुढं क्रो ब्रिटनमध्ये राजदूत झाले. राजदूतपदासाठीच त्यांनी पाठिंबा दिला असं मी म्हणणार नाही; तसा पुरावा नाही आणि धोरणाबद्दलची त्यांची मतं त्यांची स्वतःची होती. पण पद नंतर आलं की आधीचा शब्द संशयात सापडतो, तो माणूस कितीही सरळ असो.

तिथं मग ही चढाओढच झाली. २००४ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांच्या पक्षाच्या अधिवेशनात निवृत्त जनरल आणि ॲडमिरल व्यासपीठावर रांगेनं उभे होते. समोर जॉर्ज बुश यांच्या बाजूनं निवृत्त जनरल टॉमी फ्रँक्स. २०१२ मध्ये मिट रोम्नी यांच्यासाठी सुमारे ५०० निवृत्त जनरल-ॲडमिरलांच्या नावांची जाहिरात छापून आली. रोम्नी हरले. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या पक्षाच्या अधिवेशनात निवृत्त जनरल मायकेल फ्लिन बोलले, हिलरी क्लिंटन यांच्या पक्षाच्या अधिवेशनात निवृत्त जनरल जॉन ॲलन. तेव्हा संयुक्त सेनाप्रमुखांचे माजी अध्यक्ष मार्टिन डेम्प्सी यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून दोघांनाही सुनावलं: सैन्य हे राजकारण्यांनी जिंकायचं बक्षीस नव्हे. फ्लिन पुढं राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले आणि महिनाही पुरा न होता त्यांना जावं लागलं.

यानं मतं किती हलतात? २०१२ मध्ये गॉल्बी, ड्रॉप आणि फीव्हर या अभ्यासकांनी हे तपासलं. त्यांना परिणाम दिसला तो थोडा, आणि मुख्यतः ज्यांचं मन पक्कं झालेलं नाही अशा मतदारांवर. ज्यांनी ठरवलंय ते हलत नाहीत. म्हणजे गणवेशाचा फोटो लागतो तो ज्याला उमेदवाराबद्दल बाकी काही माहीत नाही त्याच्यासाठी. आमच्या प्रभागातल्या अनोळखी सोसायट्यांसाठी, तसाच.

आपल्याकडं प्रथा जरा वेगळी. आपले सेनापती बाहेरून पाठिंबा देण्यापेक्षा सरळ मैदानात उतरतात. फील्ड मार्शल करिअप्पा १९७१ मध्ये आपल्याच शेजारच्या ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. शिवसेनेचा त्यांना पाठिंबा होता, तरी ते हरले. १५ जानेवारी १९४९ ला करिअप्पांनी लष्कराची सूत्रं हाती घेतली म्हणून तो दिवस लष्कर दिन. नवी मुंबईचं मतदान या वर्षी नेमकं त्याच तारखेला आलं आणि बॅनरवाल्यांना ते कळलं नाही हे नशीब! माजी लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग २०१७ मध्ये विधानसभेला पतियाळातून हरले. जनरल व्ही. के. सिंग यांचं उदाहरण हेतूच्या अंगानं जास्त बोलकं आहे. जन्मतारखेच्या वादावरून ते लष्करप्रमुखपदावर असतानाच सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, २०१२ मध्ये निवृत्त झाले, सप्टेंबर २०१३ मध्ये रेवाडीला माजी सैनिकांच्या सभेत नरेंद्र मोदींसोबत व्यासपीठावर बसले, मार्च २०१४ मध्ये भाजपमध्ये गेले, गाझियाबादमधून मोठ्या फरकानं निवडून आले आणि मंत्री झाले. यात जुना राग किती, ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ची तळमळ किती, पटलेला विचार किती आणि पदाची ओढ किती? हे वेगळं करून मोजणारा तराजू कुणाकडं नाही. पण ते स्वतः उभे राहिले. मतदारानं त्यांना निवडलं, पाच वर्षांनी पुन्हा जाब विचारता आला. बाहेरून पाठिंबा देणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. म्हणून उमेदवार झालेल्या जनरलपेक्षा बॅनरवरचा जनरल मला जास्त खटकतो.

उलट बाजूचंही सांगायला हवं. एप्रिल २०१९ मध्ये दीडशेहून जास्त माजी सैनिकांच्या नावानं राष्ट्रपतींना पत्र गेलं. सैन्याचा प्रचारात वापर थांबवा, ‘मोदीजी की सेना’ असली भाषा थांबवा, अशी मागणी. मागणी रास्तच होती. पण यादीतले माजी लष्करप्रमुख एस. एफ. रॉड्रिग्ज आणि माजी हवाई दलप्रमुख एन. सी. सुरी यांनी आपण संमती दिलेली नाही असं सांगितलं, आणि दिवसभर चर्चा झाली ती मागणीची नव्हे, सह्यांची. राजकारणापासून सैन्याला दूर ठेवा म्हणणाऱ्यांनाही नावं आणि हुद्दे गोळा करावेच लागले, आणि नाव विचारून घेतलं की नाही यावरच सगळं अडलं. भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढणारा तो मुलगा एकटा नाही.

पुढं काय झालं

कर्नलनी उमेदवाराला फोन केला. व्हिडिओ राहू दे, गणवेशातला फोटो काढा, ‘निवृत्त’ लिहा. उमेदवार एका शब्दात तयार. “उद्याच बदलतो, साहेब.” फाटकावरचा बॅनर खरंच बदलला. नव्या बॅनरवर व्हिडिओतलाच स्वेटरमधला चेहरा, ‘कर्नल’, नाव, कंसात ‘निवृत्त’, आणि ओळ गटाराच्या कामाची. स्टेशनजवळचा जुना बॅनर मात्र प्रचार संपेपर्यंत तसाच राहिला. परवानगी दुसऱ्याच्या नावावर आहे, माणूस सापडत नाही, अशी उत्तरं मिळत गेली.

शेवटच्या आठवड्यात घरोघर पत्रकं आली. त्यावर कर्नल कुठंच नव्हते. सुभेदारांनी त्या सोशल मीडियावाल्या मुलाला खाली गाठून विचारलं. मुलगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, “काका, स्वेटरमध्ये वजन येत नाही.”

हे वाक्य या प्रकरणातला सगळ्यात पक्का पुरावा आहे. कर्नलचं मत बदललेलं नव्हतं. कारण तेच, माणूस तोच, हुद्दाही तोच. फक्त गणवेश गेला, आणि त्याबरोबर उमेदवाराला त्यांची असलेली गरज गेली. कर्नल देत होते ते एका जाणत्या शेजाऱ्याचं मत. ते त्यांचं होतं, द्यायला ते मोकळे होते. उमेदवारानं घेतलं ते सैन्याचं नाव, आणि ते कर्नलच्या मालकीचं कधीच नव्हतं. दोघांचा व्यवहार झाला खरा, पण वस्तू वेगवेगळ्या होत्या. कर्नलना लोभी ठरवून ग्रुपमधल्या लोकांनी मूळ गोष्ट हुकवली: लोभ शून्य असतानाही नुकसान झालंच होतं.

सुभेदारांच्या मनात आणखी एक बोचरी गोष्ट होती, ती त्यांनी कर्नलना नाही, मला सांगितली. “पलटणीत आम्ही जास्त, मतं आमची जास्त. पण बॅनरवर लागतो साहेबांचा फोटो. आमच्याकडं कुणी आलं तर ते बूथवर बसायला माणसं मागायला.” ते निष्ठेबद्दल बोलत होते तेवढंच मानापमानाबद्दलही, आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यांचाही हेतू एका थराचा नव्हता. तरी मुद्दा बरोबरच होता.

मतदानानंतर ग्रुपनं स्वतःपुरतं ठरवलं. कुणालाही पाठिंबा द्यायचा तर साध्या कपड्यांत, ‘निवृत्त’ लावून, आणि कारण काय ते सांगून; भिंतीवरचे फोटो कुणाला टिपू द्यायचे नाहीत. कर्नलनी पहिला हात वर केला. मग एका निवृत्त हवालदारांनी विचारलं की आपल्यातलाच कुणी स्वतः उभा राहिला तर त्यानं आपला गणवेशातला फोटो वापरायचा की नाही? सुभेदार म्हणाले, नाही. कर्नल म्हणाले, स्वतःसाठी चालेल, तो निवडणुकीत जाब देणारच आहे. दोन आठवडे झाले, यावर अजून एकमत नाही.